बिनकामाचे इतवार

मुरूम पारखायला मी बाराखडीच्या आधी शिकलो. बाबा सडकेवर मुकादम होते. चांगला मुरूम ओला करून मुठीत दाबला की लाडवासारखा बसतो आणि वाईट मुरूम बोटांतून निसटतो, हे त्यांनी मला अंगणात बसवून दाखवलं होतं. ज्यात माती जास्त, त्याला मुरूम म्हणणाऱ्याचं तोंडही पाहू नये, असं त्यांचं मत. आर्वीच्या सडकेवर त्यांची गँग होती. डांबराला ते मान द्यायचे, पण जीव मुरमावर. डांबर काय, ओतलं की झालं. मुरमाला अक्कल लागते, असं म्हणायचे.

आमचं गाव आंजीच्या खालच्या अंगाला, धाम नदीच्या काठावर. सत्त्याहत्तर साली मी वर्ध्याच्या एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलो आणि रोज सायकलनं जाऊ-येऊ लागलो. शेजारच्या टेबलावर आंजीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा बसायचा, माझ्याच वयाचा. आम्ही सकाळी सडकेवर भेटायचो आणि गप्पा मारत वर्ध्याला पोचायचो. तो बोलायला लागला की पायडल मारायचं विसरायचा. मी मागं वळून पाहावं, तर हा बाभळीखाली उभा राहून एकटाच हातवारे करतोय. माणूस मात्र सोन्यासारखा.

बिनकामाची सायकल चालवता येते, हे आम्हाला एक्क्याऐंशी साली फ्रान्सच्या एका माणसानं सांगितलं. सेवाग्रामला तेव्हा परदेशी पाहुणे येत-जात असत. त्यांतलाच हा एक, ताडमाड उंच, वर्ध्याच्या सायकल दुकानात पंक्चर काढायला बसला होता. आम्ही आपापलं इंग्रजी पणाला लावून विचारपूस केली. त्याच्या मुलखात म्हणे अशीच चढउताराची जमीन आहे, मधून नद्या वाहतात आणि नदीच्या काठाकाठानं मुरमाचे रस्ते जातात. सुट्टी मिळाली की लोक सायकली घेऊन त्या रस्त्यांवर निघतात, आठ-आठ दिवस. कोणाकडे जातात, असं माझ्या मित्रानं विचारलं. कोणाकडेच नाही. मग पोचल्यावर काय करतात? परत येतात. मित्र विचारात पडला. परतीच्या वाटेवर मला म्हणाला, "म्हंजे आपन तं रोजच फ्रान्समंदी राहून राह्यलो, अन् आपल्यालेच पत्ता नाई."

आणि आम्ही निघालो. त्या हिवाळ्यातला पहिला रिकामा इतवार, दोघांच्या पिशवीत भाकर आणि ठेचा, बाकी काही नाही. रस्ता नदीकाठचा निवडला. आमच्या गावावरून धामच्या वरच्या अंगाला जाणारी ती पूर्वी साधी पांधण होती, दोन वावरांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं लोकांना काम म्हणून तिच्यावर मुरूम टाकला आणि तिचा रस्ता झाला. एका हाताला कपाशीची पराटी नि तुरी, दुसऱ्या हाताला खाली नदी. रस्ता टेकाडावर चढे, उतरे, नाल्याच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी उडवत जाई आणि पुन्हा नदीला येऊन मिळे. उतारावर आम्ही पाय सोडून द्यायचो. चाकाखाली मुरूम कुरकुरायचा. मला आजही कोणी सुख म्हणजे काय विचारलं, तर तो आवाज आठवतो.

घोटाळा झाला तो पहिल्याच गावात. आम्ही रमत-गमत शिरलो, तर विहिरीवरची बाई घागर तशीच ठेवून आमच्याकडे पाहत राहिली. पुढच्या घरातून दोघी दारात आल्या. एक म्हातारा ओट्यावरून उठला, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कोन गेलं जी?"

आम्हाला क्षणभर कळलंच नाही. मग मित्राच्या ध्यानात आलं. तेव्हा खेड्यात फोन नव्हते आणि तार पोचेपर्यंत माती होऊन जायची. मौतीची खबर माणसंच न्यायची. एकट्यानं नेऊ नये असा रिवाज, म्हणून दोघं. आणि घाई म्हणून सायकलनं. पाहुणे आले तर सोबत बायकापोरं असतात, व्यापारी आला तर गाठोडं असतं. दोन पुरुष, दोन सायकली, हात रिकामे, दिवसाढवळ्या गावात शिरले, म्हणजे कोणीतरी गेलंच. "कोनीच नाई गेलं, फिराले आलो," असं आम्ही सांगितलं. म्हातारा आणखीच घाबरला. खरी गोष्ट लपवतात असं त्याला वाटलं.

मग प्रत्येक गावात तेच. आम्ही नाना उपाय केले. मित्रानं लाल चौकडीचा शर्ट घातला. गावाची वेस आली की मोठ्यानं हसत जायचं ठरवलं, तर दारू पिऊन आलेत अशी बोलवा झाली. एकदा आंजीच्या बाजारातून फुगा आणून हँडलला बांधला. त्या दिवशी मौतीचं कोणी विचारलं नाही, पण कोणाला मुलगा झाला आणि पेढे कुठे आहेत हे विचारून लोकांनी नाकी नऊ आणले. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं. तरी मजा होती. आम्ही तीन-चार इतवार असेच काढले.

एका संध्याकाळी जेवताना मी हे सगळं रंगवून घरी सांगितलं. आई हसली, धाकटी बहीण तर ताटावर लवंडली. बाबा हसले नाहीत. त्यांनी उरलेली भाकर ताटात ठेवली, हात धुतला आणि म्हणाले, "तुले साऱ्या जिल्ह्यात दुसरा रस्ता नाई भेटला?" आणि बाहेर जाऊन बसले.

मला त्यांचा राग कळेना. तो आईनं उलगडून सांगितला, चुलीपुढे बसून, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला, त्याआधी गावकीची जी कामं आमच्या लोकांच्या माथी होती, त्यांत हेही होतं: गावात कोणाचं मरण झालं की त्याच्या सोयऱ्यांच्या गावोगाव खबर नेणं. आमच्या घराकडे नदीवरच्या गावांचा पट्टा होता. आजोबा न्यायचे, त्याच पांधणीनं, पायी. दोघं लागतात म्हणून सोबतीला बाबांना घ्यायचे. बाबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. ऊन असो, चिखल असो, निघायचं. अंगणाच्या कडेला उभं राहून मोठ्यानं सांगायचं आणि तिथूनच वळायचं. खबर आणणाऱ्याला कोणी बस म्हणत नाही. एका बाईनं बापाची खबर ऐकून हातातली शेणाची पाटी बाबांच्या अंगावर फेकली होती. "तिचा तरी काय दोष," आई म्हणाली, "तिले का समजत होतं, समोर लेकरू उभं हाय ते."

छप्पन साली वस्तीनं ती कामं सोडली. बाबांनी त्या दिवसापासून कोणाचा कसलाच निरोप कधी नेला नाही. आता मला एकेक उलगडू लागलं. आईनं "शेजारणीले सांगजा, चाळणी पाठव म्हणा" असं म्हटलं तरी बाबा जागचे हलायचे नाहीत. आम्ही मुलं त्यांना आळशी समजायचो. तरुणपणी त्यांना पोस्टमनची नोकरी चालून आली होती, तीही त्यांनी नाकारली आणि उन्हात गिट्टी फोडायला गेले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. दुष्काळात नदीकाठच्या त्या रस्त्यावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा साहेबाच्या मागे लागून त्यांनी ती बदलून घेतली. त्या वाटेवर त्यांनी पंचवीस वर्षांत पाय ठेवला नव्हता.

मी बाहेर जाऊन त्यांच्याजवळ बसलो. वाद घालायची मला खोड होतीच. म्हटलं, "बाबा, मी तं मजेनं जातो. अन् त्या लोकाइले काय मालूम, मी कोनाचा कोन?"

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले. "आपल्या घरचा मानूस, तोच रस्ता, अन् लोकं पुन्हा तेच इचारून राह्यले. मले नाई पाहवत."

मी नदीचा रस्ता सोडला. सोडला, पण मनातून चिडलो. ज्या रस्त्यावर आजोबा मान खाली घालून चालले, त्यावर मी शीळ घालत जातो, तर यात बाबांना आनंद का वाटू नये, असं मला वाटायचं. मी दोन-तीन इतवार डांबरी सडकेनं सेवाग्रामकडे चकरा मारल्या. ट्रकांचा धूर खाल्ला नि घरी येऊन गप्प बसलो. बाबाही गप्प. मधल्यामध्ये आईचे हाल झाले. आम्हा दोघांतले निरोप तिला न्यावे लागत होते.

मित्र मात्र नदीनं जाऊन यायचा. एकदा कचेरीत तक्रार करायला लागला, "तुह्याबिगर मजा नाई गड्या. एकट्याले कोनी इचारतच नाई." मग म्हणाला, बाबांचं तो पाहून घेईल. पुढच्या आठवड्यात तो आमच्या घरी आला. माझ्याशी बोलत, पण बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, की नदीच्या रस्त्यानं नऊ पावसाळे खाल्ले आणि अजून चाकोरी पडली नाही. बाबा आर्वीच्या सडकेवर दर वर्षी खड्डे भरून थकलेले. ते ओट्यावरून म्हणाले, "खोटं." मित्रानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. पुडीत मूठभर मुरूम होता.

बाबांनी तो तांब्यातल्या पाण्यानं भिजवला, दाबला, मूठ उघडून पाहिली, पुन्हा दाबला. मित्र चहा पिऊन निघून गेला तरी त्यांच्या हातात तो गोळा होताच. शनिवारी संध्याकाळी मी सायकलला तेल घालत होतो. ते जवळ येऊन उभे राहिले आणि बऱ्याच दिवसांनी थेट माझ्याशी बोलले, "त्या मुकादमानं कोठच्या खदानीचा आनला, ते पाहा लागते. उद्या कवा निघाचं?"

दुसऱ्या दिवशी मित्राच्या चुलत बहिणीचं साक्षगंध, आमच्याकडचा साखरपुडा, होतं. म्हणजे बाबा आणि मी, दोघंच. बाबा तेव्हा सत्तावन्नचे असतील, पण रोज सडकेवर सायकल हाकणारा माणूस. चढावर मलाच मागे टाकायचे. सुरुवातीला ते दर फर्लांगाला उतरत. टाचेनं रस्ता ठोकून पाहत, कडेचा उतार बघत, पाणी काढून दिलेली नाली पाहून मान हलवत. "ज्यानं हा केला त्याले अक्कल होती," असं एकदा म्हणाले, आणि बाबांच्या तोंडून दुसऱ्या मुकादमाची एवढी तारीफ मी पहिल्यांदा ऐकली. पण जसजसं पहिलं गाव जवळ येऊ लागलं, तसतसं त्यांचं उतरणं थांबलं. सायकल हळू झाली. यांना इथे आणून मी चूक तर केली नाही ना, असं वाटू लागलं.

विहिरीवरच्या बाईनं विचारलंच, "कोन गेलं जी?" बाबांनी ब्रेक दाबून सायकल थांबवली. मी घाईनं म्हणालो, "कोनी नाई बाई. रस्ता पाहाले आलो." एवढं म्हणायचा अवकाश, लोकांनी बाबांना रस्त्याचा साहेबच केलं. रपट्याला तडा गेलाय, शाळेपुढे चिखल होतो, आमच्या पांधणीवर मुरूम कधी टाकता, एक ना दोन. बाबांनी सायकल स्टँडवर लावली आणि रपट्याच्या तड्याला काय करावं ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. कोणीतरी त्यांच्यासाठी खाट आणून टाकली. निघताना त्यांची मान जरा ताठ झाली होती. माझाही जीव भांड्यात पडला.

नदी जिथे मोठं वळण घेते, तिथलं गाव शेवटचं. आमच्या गावापासून पाच कोस. तिथे एका अंगणात सत्तरीची म्हातारी सूप घेऊन तुरी पाखडत होती. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि सायकलवरून उतरले. ती आमच्याच गावची लेक होती, पाटलाच्या घरच्या बाजूला जे थोरलं शेतकरी घर आहे, तिथली; लग्न होऊन इथे दिलेली. बाबांचा चेहरा आजोबांच्या वळणावर गेलेला. तिच्या हातातलं सूप खाली गेलं.

"दादा गेला?" तिनं विचारलं.

"नाई बाई," बाबा म्हणाले. "दादा चांगले हायेत. सकाळी मी निघालो तवा ढोरं सोडून राह्यले होते."

तिचा लवकर विश्वास बसेना. बाबांनी दोनदा सांगितल्यावर ती ओट्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसलं. मग तोंड भरून बोलू लागली. "मायची खबर तुह्याच बापानं आनली होती. मंग बापाची. मंग मधल्या भावाची. मानूस लय चांगला होता, पन खरं सांगतो बाबू, त्याचं तोंड दिसलं का माह्या छातीत धस्स व्हाये. ते तोंड मले नकोच वाटे."

"त्याले तं तुमच्याहून नको वाटे, बाई," बाबा म्हणाले.

"असन," म्हातारी म्हणाली. "हे आमच्या ध्यानातच नाई आलं कधी." मग सुनेला हाक मारून तिनं पाणी आणवलं आणि गडवा स्वतः बाबांच्या हातात दिला.

नंतर तिनं गावाचं विचारायला सुरुवात केली. माझ्या लक्षात आलं, की अलीकडे कित्येक वर्षं त्या घरी आमच्या गावाहून कोणी आलं ते मौतीचं सांगायलाच. साधी बातमी कोणी आणलीच नव्हती. नदीवरचा मोठा आंबा आहे का? कोणाच्या विहिरीला पाणी लागलं? कोणती पोर मॅट्रिक झाली? कोणाची म्हैस आटली? बाबा सांगत होते. घरात दोन वाक्यं बोलताना जांभई देणारा माणूस तिथे तासभर बोलला. आम्हाला जेवू घातल्याशिवाय तिनं उठू दिलं नाही. आम्ही निघायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, "दादाले सांगजो, म्या बरी हावो म्हना. आठ वर्षं झाले, कोनी मले आनालेच नाई आलं. दादाच्या पायानं होत नाई, अन् पोराइले फुरसत नाई. तेवढं सांगजो, बाबू."

बाबा सायकलचा स्टँड काढता काढता थांबले.

"निरोप नाई नेत मी, बाई," ते म्हणाले.

सून माझ्याकडे पाहायला लागली. मला इतकी लाज वाटली, की मी सांगतो, असं म्हणायला मी तोंडसुद्धा उघडलं. एवढ्या वर्षांनी कोणी साधा चांगला निरोप दिला आणि बाबा त्यालाही नाही म्हणतात. पंचवीस वर्षांचं ते जुनं व्रत आणि समोर डोळे भरलेली म्हातारी, यांत ते काय निवडतील, याची मला खरोखर भीती वाटली. बाबांनी मला हातानं थांबवलं.

"तुम्हीच चाला," ते तिला म्हणाले. "सांगा काय सांगाचं ते तोंडानं. पोरगा सायकल चांगली चालवते. कॅरिअर मजबूत हाय."

"आता? सायकलीवर?" सून म्हणाली.

म्हातारी मात्र उठली होती. तिनं एक लुगडं आणि पसाभर तुरी गाठोड्यात बांधल्या, सुनेला सांगितलं, "तो वावरातून आला का सांगजो, मायले मुऱ्हाळी आला होता," आणि कॅरिअरवर बसली. माहेराहून लेकीला न्यायला येतो तो मुऱ्हाळी. तो भाऊ असतो, भाचा असतो, घरचा माणूस असतो. बाबांनी ते ऐकलं आणि उगाच वाकून माझ्या सायकलची हवा दाबून पाहिली.

परतीचे पाच कोस मी आयुष्यात विसरणार नाही. रस्ता नदीच्या उताराच्या बाजूनं, वारा पाठीमागून. बाबा पुढे सायकल चालवत होते आणि मुरमातली कठीण पट्टी शोधून मला हाका देत होते, "डाव्या अंगानं ये. मधात मोकळा मुरूम हाय, चाक घसरन." मागे म्हातारी एका हातानं माझी कंबर आणि दुसऱ्यानं गाठोडं धरून अखंड बोलत होती. इथे आम्ही लहानपणी बोरं वेचली, इथे बैल बुजला होता, अन् हा रस्ता एवढा चांगला कवा केला गा? विहिरीवरच्या बाईनं तोंडाला पदर लावला आणि काही विचारायच्या आत म्हातारीच ओरडली, "माहेरी चालली वं!" मला हसू आवरेना. मी त्या दिवशी पुरेपूर सुखी होतो.

गावाच्या वेशीशी वाळूचा चढ आहे. तिथे दोन माणसांची सायकल चढत नाही, म्हणून मी आणि म्हातारी उतरून चालायला लागलो. तिच्या माहेरच्या लोकांना सांगावं म्हणून बाबा पुढे गेले. पुढे जे झालं ते मला नंतर बाबांनीही सांगितलं आणि तिच्या दादांनीही, आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता.

दादा ओट्यावर दोर वळत बसले होते. पंच्याहत्तरीचा माणूस, नजर अधू. बाबा त्यांच्या दारात छप्पन सालानंतर एकदाही गेले नव्हते. आज धापा टाकत अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. सकाळी ते नदीच्या रस्त्यानं गेलेत, हे साऱ्या गावाला माहीत होतं. दादांच्या हातातला दोर सुटला.

"बाई?" त्यांनी विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. चढाचा दम लागला होता.

"कवा?"

"दोन घंटे झाले असन."

"तरास झाला का तिले?"

"काईच नाई," बाबा म्हणाले. "हासत हासत निघाली."

दादांनी टोपी काढली. आतून त्यांच्या सुनेनं हंबरडा फोडला, तिला पाहून शेजारच्या दोघींनी. बाबांना कळेना काय झालं ते. तेवढ्यात आम्ही कोपऱ्यावरून वळलो. रडणं ऐकून म्हातारीचा चेहरा उतरला, ती गाठोडं सांभाळत धावतच अंगणात शिरली आणि सुनेला धरून म्हणाली, "कोन गेलं वं, माय?"

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण सगळे एकदमच रडत नि हसत होते. दादा बहिणीचं तोंड हातांनी चाचपून पाहत होते. आई आणि आमची अर्धी वस्ती गोळा झाली. बाबा एकटेच अपराध्यासारखे उभे होते. "मी खरंच तं सांगतलं," असं ते ज्याला त्याला म्हणत होते.

शेवटी दादांनी टोपीनं डोळे पुसले आणि बाबांना हाताला धरून आपल्या शेजारी ओट्यावर बसवलं. "तुह्या बापाले चांगलं जमे गा हे काम," ते म्हणाले. "तुले नाई जमत. तू नको करत जाऊ."

एवढं ऐकून बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबतच नव्हते. दादांना वाटलं, आपण काही फार गमतीचं बोललो, म्हणून त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "नाईच जमत तुले." बाबा मान हलवून "हो, हो" म्हणत राहिले.